जपानी शिकून जपानमध्ये नोकरी: कोणत्या कामाला किती भाषा लागते

जपानीच्या वर्गात नव्याने आलेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “कितव्या लेव्हलला नोकरी लागते?” याला एका आकड्याचं उत्तर नाही. जपानमध्ये तुम्ही कोणतं काम करणार यावर निवास परवान्याचा प्रकार ठरतो आणि प्रत्येक प्रकाराच्या अटी वेगळ्या आहेत. एका प्रकारात भाषेची पातळी कायद्यात लिहिलेलीच नाही, पण पदवी हवी. दुसऱ्यात पदवी नको, पण भाषेची आणि कामाची अशा दोन परीक्षा हव्यात. हे न बघता क्लास लावला, तर तीन वर्षांनी हातात एन२ (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची वरून दुसरी पातळी) असतं आणि परवान्याची मूळ अटच पूर्ण होत नसते. म्हणून परवान्यांपासूनच सुरुवात करू.

पदवीधरांची वाट

इंजिनियर, आयटीवाले, अकाउंट्स किंवा मार्केटिंगमधले लोक, भाषांतरकार आणि दुभाषे हे सगळे एकाच परवान्यावर जातात. त्याचं जपानी नाव लांबलचक आहे, तिथे सगळे त्याला ‘गिजिनकोकु’ म्हणतात. अट अशी, की कामाशी संबंधित विषयातली विद्यापीठाची पदवी हवी, नाहीतर त्या कामाचा १० वर्षांचा अनुभव. आपली तीन वर्षांची पदवी चालते. डिप्लोमा मात्र चालत नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आणि चार वर्षांचा अनुभव असलेला, कामात तरबेज मुलगा इथेच अडतो आणि त्याचं जपानी कितीही चांगलं असलं तरी उपयोग होत नाही. त्याच्यासाठी उपाय म्हणजे नोकरी करता करता पदवी पूर्ण करणं, किंवा पुढे सांगितलेली कौशल्य-परवान्याची वाट.

आयटीवाल्यांना एक सवलत आहे आणि ती फार कमी जणांना माहीत असते. काही ठरावीक आयटी परीक्षा पास झालेल्यांना पदवी आणि अनुभव या दोन्ही अटींतून सूट मिळते. भारतातल्या डोएक या सरकारी संगणक-शिक्षण संस्थेच्या, म्हणजे आताच्या नायलिटच्या, ए, बी आणि सी लेव्हल परीक्षा त्या यादीत आहेत.

भाषांतर आणि दुभाषाच्या कामाला एरवी तीन वर्षांचा अनुभव मागतात. पदवीधराला तो लागत नाही, पदवी कोणत्याही विषयातली असली तरी. पण तिथे एन२ किंवा एन१चा पुरावा लागतोच असं धरून चाला. याउलट सॉफ्टवेअर इंजिनियर एकही जपानी शब्द न येता जाऊ शकतो आणि जातातही. फरक पुढे पडतो. बैठका, क्लायंटचे फोन, बढती हे सगळं जपानीत चालतं. भारतातली टीम आणि जपानी क्लायंट यांच्यामध्ये उभं राहून मागणी समजून घेणाऱ्याला तिथे ‘ब्रिज इंजिनियर’ म्हणतात. त्या जागेला साधारण एन२ आणि प्रत्यक्ष कोडिंगचा अनुभव असं दोन्ही मागतात. आमच्या मते मराठी पदवीधरासाठी सगळ्यात भक्कम जागा हीच. नुसत्या भाषेवर उभं राहिलेल्या माणसाला यंत्र-भाषांतराशी स्पर्धा करावी लागते. इथे ती वेळ येत नाही.

पदवी नसलेल्यांची वाट

एप्रिल २०१९ मध्ये जपानने ‘तोकुतेइ गिनो’ नावाचा परवाना सुरू केला. त्याचा अर्थ ठरावीक कौशल्य असलेला कामगार. भारताने त्यासाठी जानेवारी २०२१ मध्ये जपानशी करार केला. वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम, अन्नप्रक्रिया, हॉटेल, उपाहारगृह अशी क्षेत्रं त्यात आहेत. २०२४ मध्ये वाहनचालन, रेल्वे, वनीकरण आणि लाकूडकाम यांची भर पडली.

वय किमान १८ हवं. भाषेसाठी बहुतेक कामांना जेएलपीटीची एन४, किंवा जेएफटी-बेसिक ही संगणकावरची परीक्षा. जेएफटी २५० गुणांची असते, २०० गुणांना पास. ती वर्षभरात अनेकदा होते आणि निकाल लवकर कळतो, त्यामुळे घाई असलेल्यांना ती सोयीची. सोबत त्या-त्या क्षेत्राची कौशल्य परीक्षा द्यावी लागते. शुश्रूषेच्या कामाला तिसरी परीक्षाही आहे: आजारी आणि म्हाताऱ्या माणसांशी बोलताना लागणाऱ्या जपानीची. सगळ्या क्षेत्रांच्या परीक्षा भारतात होतातच असं नाही. क्षेत्र ठरवण्याआधी वेळापत्रक बघा, नाहीतर परीक्षेसाठी दुसऱ्या देशात जायची पाळी येते.

पहिल्या श्रेणीच्या या परवान्यावर एकूण पाच वर्षं राहता येतं आणि बायकोमुलांना नेता येत नाही. एजंट ही गोष्ट सहसा शेवटी सांगतात. याच क्षेत्रात नोकरी बदलता येते, मालकाशी बांधलेलं राहावं लागत नाही. दुसऱ्या श्रेणीची परीक्षा पास झालात की कुटुंब नेता येतं आणि परवाना पुन्हा पुन्हा वाढवता येतो. शुश्रूषेत मात्र दुसरी श्रेणी नाही. तिथे पुढे जायचं तर ‘काइगो फुकुशिशी’ ही राष्ट्रीय परीक्षा जपानीतूनच द्यावी लागते. म्हणजे एन४ वर गेलेल्या माणसाला पुढल्या चार-पाच वर्षांत ड्युट्या सांभाळून एन२ च्या आसपास पोचावं लागतं. इथून निघतानाच हे गणित डोक्यात हवं.

‘तांत्रिक प्रशिक्षणार्थी’ म्हणून जाण्याची जुनी योजना बंद होऊन तिच्या जागी एप्रिल २०२७ पासून ‘इकुसेइ शुरो’ ही नवी पद्धत येते आहे. तिचा हेतूच असा, की तीन वर्षांत कामगार कौशल्य-परवान्याच्या पातळीला यावा.

विद्यार्थी म्हणून आधी भाषा शिकायला जाणं

जपानमधल्या भाषाशाळेत जास्तीत जास्त दोन वर्षं शिकता येतं. प्रवेश एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत होतात. बारा वर्षांचं शालेय शिक्षण आणि सुमारे १५० तास जपानी शिकल्याचा किंवा एन५चा पुरावा मागतात. वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं.

बरेच जण फसतात ते याच २८ तासांच्या हिशेबात. टोकियोचं किमान वेतन ऑक्टोबर २०२५ पासून ताशी १,२२६ येन आहे. आठवड्याला पूर्ण २८ तास काम मिळालं, तर महिन्याला साधारण दीड लाख येनपर्यंत हाती येतं. त्यात खोलीचं भाडं आणि जेवणखाण कसंबसं भागतं. शाळेची फी आणि इकडच्या कर्जाचा हप्ता त्यातून निघत नाही. मग मुलं गुपचूप जास्त तास काम करतात, ते करभरण्याच्या नोंदीतून उघड होतं आणि परवान्याची मुदत वाढत नाही. फीची सोय घरातून असेल तरच ही वाट धरावी. इथेच एन३ करून गेलात तर तिथली दोन वर्षं सत्कारणी लागतात. एन५ वर गेलात तर निम्मा काळ बाराखडीतून बाहेर पडण्यात जातो.

जपानला न जाता

चाकण, रांजणगाव, सुपे या भागांत जपानी कंपन्या आहेत. मुंबई–अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरचा वेगवान रेल्वेमार्ग शिंकान्सेन या जपानी बुलेट ट्रेनच्या तंत्रावर उभा राहतो आहे. कारखान्यातल्या दुभाषाला पुस्तकी जपानीपेक्षा वेगळा शब्दसंग्रह लागतो: साचा, सहनमर्यादा, धातूच्या कडेला राहणारी बर, नाकारलेला माल, मूळ कारण शोधण्याची पद्धत. जपानी तज्ज्ञ लाइनवर उभा राहून अर्धवट वाक्यात बोलतो आणि तुम्हाला ते ऑपरेटरला मराठी-हिंदीत सांगायचं असतं. हे काम यंत्राला अजून नीट जमत नाही. इथे दोन वर्षं काढलेल्या माणसाच्या अनुभवाला जपानमध्ये चांगला भाव मिळतो.

लेखी भाषांतराची स्थिती तशी नाही. साधी पत्रं आणि माहितीपत्रकं आता यंत्राकडे गेली. पेटंट, वाहन उद्योगातली मॅन्युअल्स, कायद्याचे करार, औषधांची कागदपत्रं यांत अजून माणूस लागतो. शिवाय हे काम बहुतेक जपानीतून इंग्रजीत असतं, त्यामुळे तुमचं इंग्रजी लिखाण कच्चं असेल तर एन१ असूनही काम परत येतं.

परीक्षेची रचना समजून घ्या

जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते; पुणे आणि मुंबई दोन्हीकडे केंद्रं आहेत. नोंदणी तीन-चार महिने आधी होते आणि जागा भराभर भरतात. एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात अवघड. परीक्षा १८० गुणांची. पास होण्यासाठी एन५ ला ८०, एन४ ला ९०, एन३ ला ९५, एन२ ला ९० आणि एन१ ला १०० गुण लागतात. पण एवढंच पुरत नाही. एन१ ते एन३ मध्ये शब्द-व्याकरण, वाचन आणि श्रवण असे ६०-६० गुणांचे तीन भाग आहेत आणि प्रत्येकात किमान १९ हवेत. शब्द-व्याकरणात ५५, वाचनात ५०, श्रवणात १८, एकूण १२३: नापास. श्रवणात प्रत्येक ध्वनिफीत एकदाच ऐकवतात, म्हणून पुस्तकी अभ्यास करणारे तिथेच आपटतात.

चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. डिसेंबर २०२५ पासून गुणपत्रिकेवर युरोपीय मोजपट्टीवरची पातळीही छापली जाते. एन२ ९० गुणांना पास होता येत असलं, तरी त्या मोजपट्टीवरची बी२ ही नोंद मिळायला ११२ लागतात. निसटत्या पासाला आता कागदावरही कमी किंमत आहे.

जुलैचा निकाल ऑगस्टच्या अखेरीला आणि डिसेंबरचा जानेवारीच्या अखेरीला ऑनलाइन येतो. छापील प्रमाणपत्र त्यानंतर काही आठवड्यांनी. एप्रिलला रुजू व्हायचं असेल, तर आधीच्या डिसेंबरची परीक्षा उशिराची ठरते. तिच्या आधीची जुलैची धरा. आणि नोंदणीत नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा. वडिलांचं नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरून खुलाशाची पत्रं लिहीत बसावं लागतं.

आणखी एक गोष्ट. या परीक्षेत बोलायला आणि लिहायला लावतच नाहीत, सगळे पर्यायी प्रश्न. म्हणून एन२ पास झालेला माणूस मुलाखतीत तीन वाक्यांत गारद होऊ शकतो, आणि कंपन्यांना हे चांगलं ठाऊक आहे.

किती वेळ लागतो आणि कुठे अडतं

२००९ पर्यंतच्या जुन्या परीक्षेचे निकष प्रसिद्ध होते. आजच्या एन५ च्या जागी असलेल्या पातळीला १०० कांजी (चिनीतून आलेली चित्राक्षरं), ८०० शब्द, अभ्यासाचे १५० तास. एन४ ला ३०० कांजी, १,५०० शब्द, ३०० तास. एन२ ला १,००० कांजी, ६,००० शब्द, ६०० तास. एन१ ला २,००० कांजी, १०,००० शब्द, ९०० तास. कांजी आणि शब्दांचे आकडे अजून अंदाजाला उपयोगी आहेत. तास मात्र आपल्यासाठी फार कमी आहेत. चिनी लिपी लहानपणापासून न पाहिलेल्याने एन२ साठी १,२०० तास धरावेत. रोज दोन तास, मधल्या सणासुदीच्या आणि आजारपणाच्या सुट्ट्या धरून, दोन-अडीच वर्षं. सहा महिन्यांत एन३ करून देतो म्हणणाऱ्या जाहिराती बाजूला ठेवा.

मराठी माणसाला व्याकरणात मोठी सोय आहे. वाक्याचा क्रम तोच, क्रियापद शेवटी, आणि प्रत्यय नामाच्या मागून लागतात. ‘पुण्याहून टोकियोला’ या रचनेतले ‘-हून’ आणि ‘-ला’ जपानीत ‘कारा’ आणि ‘नि’ होऊन त्याच जागी बसतात. करून बघणं, करून ठेवणं, करून टाकणं या आपल्या जोडक्रियापदांना ‘शिते मिरु’, ‘शिते ओकु’, ‘शिते शिमाउ’ अशी जवळपास हुबेहूब जोडी आहे. ‘काल घेतलेलं पुस्तक’ असा विचार करा, ‘जे पुस्तक काल घेतलं ते’ असा नको. जपानीत पहिलीच रचना चालते. जपानी इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकातून शिकताना ही सोय हातची जाते, कारण मग आधी इंग्रजी वाक्य तयार होतं आणि ते उलटं फिरवावं लागतं.

उच्चारात एक सोपं आणि एक अवघड. जोडाक्षर आपल्याला सहज जमतं. ‘पती’ आणि ‘पत्ती’ यांतला फरक कळणाऱ्याला ‘किते’ आणि ‘कित्ते’ ऐकायला त्रास होत नाही. ऱ्हस्व-दीर्घ मात्र आपण बोलताना सैल सोडतो. जपानीत ‘बिरु’ म्हणजे इमारत आणि ‘बीरु’ म्हणजे बिअर, ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा काकू आणि ‘ओबाऽसान’ असा लांबवला की आजी. श्रवणातले गुण इथे जातात.

शब्द देवनागरीत लिहून घेण्याची सवय पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच सोडा. हिरागाना आणि काताकाना मिळून ९२ मूळ अक्षरं आहेत. तेवढी पाठ व्हायला तेवढा वेळ पुरतो. देवनागरी उच्चाराला जवळची आहे, म्हणूनच ती सुटत नाही आणि वाचनाचा वेग एन३ ला येऊन थांबतो.

एन४ आणि एन३ च्या मध्ये सगळ्यात जास्त लोक सोडून देतात. तोवर शब्द सुटे असतात. तिथून पुढे दोन-दोन कांजींचे जोडशब्द येतात आणि एकाच कांजीचे दोन-तीन उच्चार समोर उभे राहतात. एकेका कांजीचे सगळे उच्चार घोकणं हा चुकीचा मार्ग. शब्द शिका, उच्चार त्याच्यासोबत येतो. रोज दहा नवे शब्द आणि जुन्यांची उजळणी, हे पथ्य वर्षभर पाळलं की दरी पार होते. बोलण्यासाठी ध्वनिफितीच्या मागोमाग अर्ध्या सेकंदाने तेच वाक्य म्हणायची सवय लावा आणि आठवड्यातून एकदा स्वतःचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. कान तापतात, पण चुका सापडतात.

एन२ नंतर ऑफिसातल्या आदरार्थी भाषेसाठी बीजेटी ही ८०० गुणांची परीक्षा आहे. जपानच्या ‘उच्च-कौशल्य’ परवान्याच्या गुणपद्धतीत एन१ किंवा बीजेटीचे ४८० यांना १५ गुण, आणि एन२ किंवा बीजेटीचे ४०० यांना १० गुण मिळतात. पदवी, वय, पगार आणि अनुभव यांचे गुण धरून ७० झाले तर तीन वर्षांत, ८० झाले तर एका वर्षात कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. एरवी त्याला साधारण दहा वर्षं लागतात. भाषेचा रोकडा फायदा इतका स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

अर्ज, कागदपत्रं, एजंट

जपानी कंपनीला दोन कागद लागतात. ‘रिरेकिशो’ हा ठरलेल्या चौकटीतला, फोटो लावलेला, शिक्षण-नोकरीच्या तारखांचा तक्ता. आणि ‘शोकुमु केइरेकिशो’ म्हणजे प्रत्यक्ष काय काम केलं त्याचा तपशील. पहिल्यात मधले रिकामे महिने लपवू नका, ते विचारतातच. मुलाखतीत स्वतःची ओळख आणि ‘आमच्याच कंपनीत का?’ हे दोन प्रश्न नक्की असतात. दुसऱ्याचं उत्तर ‘मला जपान आवडतो’ असं दिलंत की संपलं.

निवड झाली की कंपनी जपानच्या इमिग्रेशन कार्यालयात पात्रता प्रमाणपत्रासाठी अर्ज करते. त्याला एक ते तीन महिने लागतात. ते मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये पोचावं लागतं, म्हणून सध्याच्या नोकरीचा राजीनामा ते हातात आल्यावरच द्या.

भारतात नोंदणीकृत भरती एजंटला उमेदवाराकडून घेता येणारं शुल्क ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच आहे. एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतं. ‘ट्रेनिंग फी’, ‘फाइल चार्ज’ अशा नावांनी लाखांत पैसे मागितले तर थांबा. अनामत रक्कम किंवा ‘नोकरी सोडल्यास दंड’ असली कलमं कौशल्य-परवान्याच्या नियमांत बसतच नाहीत.

हातात येणारा पगार

आरोग्य विमा, पेन्शन, बेरोजगारी विमा आणि प्राप्तिकर कापून पगाराच्या साधारण ८० टक्के हातात येतात. दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून रहिवासी कर सुरू होतो, तो आधीच्या वर्षाच्या करपात्र उत्पन्नाच्या सुमारे १० टक्के. पहिल्या वर्षीच्या हातच्या रकमेवर घरभाडं ठरवलेल्यांची तेव्हा ओढाताण होते.

पेन्शनचा हप्ता १८.३ टक्के, त्यातला निम्मा तुमचा. परत येताना तो एकरकमी मागता येतो, पण हिशेब जास्तीत जास्त पाच वर्षांचाच धरतात आणि अर्ज जपान सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे; त्याखाली तिथली आणि इथली वर्षं जोडता येतात. एकरकमी पैसे घेतले की मात्र ती वर्षं जोडणीत धरली जात नाहीत. घ्यायचेच ठरवलंत तर रकमेतून २०.४२ टक्के कर कापला जातो. तो परत मागता येतो, पण त्यासाठी जपानमध्ये राहणारा करप्रतिनिधी लागतो. त्याचं नाव निघण्याआधीच स्थानिक कर कार्यालयात नोंदवून ठेवा.